ट्रंकेत मावणारे शिल्प

'मांडणशिल्प' हा शब्द काढला की कोल्हापुरातला मुरलेला चित्रकार अजून गालातल्या गालात हसतो. पहाटे रंकाळ्यावर जाऊन, पाण्यावरचे धुके विरायच्या आत जलरंगाचा पहिला हात मारणाऱ्या माणसाला खोलीभर सामान मांडून ठेवणे ही कला कशी वाटावी? ते काम गणपतीतल्या मंडळांचे. या हसण्याला अलीकडे नवे निमित्त मिळाले आहे. २०२३ च्या जानेवारीत मुंबईत 'व्हॅन गॉग ३६०' आले. प्रोजेक्टरने भिंती आणि जमीन सूर्यफुलांनी न्हाऊ घातल्या, तिकिटे काढून माणसे आत बसली, सगळ्यांचे फोन एकदम वर झाले. पुढे असले 'इमर्सिव्ह' खेळ शहरोशहरी फिरू लागले. "हेच ना तुमचे मांडणशिल्प?" हा प्रश्न आता चारचौघांत विचारला जातो, आणि विचारणारा उत्तराची वाट न बघता चहा मागवतो.

त्याच वर्षी कला आणि तत्त्वज्ञान विभागातला जपानचा क्योटो पुरस्कार नलिनी मालानी यांना मिळाला. रक्कम १० कोटी येन. अर्धशतकाहून अधिक काळ मुंबईशी बांधलेल्या या चित्रकर्तीचे काम आणि तो सूर्यफुलांचा खेळ एकाच पोत्यात घातले जातात, हे या लेखाचे निमित्त. प्रोजेक्टर तोच, भिंत तीच, अंधारही तोच, म्हणून काम एकच ठरवायचे असेल तर वाण्याचे बिल आणि कविता एकाच शाईत लिहिलेली असते म्हणून दोन्ही एकाच फायलीत लावावीत.

मालानी यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. पण परिचयात एका ओळीत उरकली जाणारी एक गोष्ट थांबून वाचायला हवी. त्यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीने घर सुटले, बिऱ्हाड कोलकात्याला गेले. वडील टाटांच्या विमान कंपनीत नोकरीला. १९५४ मध्ये कुटुंब मुंबईला आले आणि विस्थापित सिंधी कुटुंबांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहू लागले. म्हणजे आठव्या वर्षापर्यंत तीन शहरे.

अशी वसाहत कशी असते हे कोल्हापूरकराला दुसऱ्या कुणी सांगायला नको. मिरजेच्या रेल्वेमार्गावर, शहराला लागून असलेल्या वळिवडे इथे १९४३ पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुलेच जास्त. सैबेरियातून सुटून, इराणमार्गे कराचीला उतरून, तिथल्या तात्पुरत्या छावणीत थांबून ती इथवर आलेली. ती गेली आणि त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी राहायला आले. तेच आजचे गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा जिथे जातो, त्या कापडपेठेच्या जमिनीने पाच वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या देशांतून उठलेली बिऱ्हाडे पाहिली आहेत, आणि दोन्ही बिऱ्हाडांच्या वाटेत कराची आहे. मालानींचे काम कोल्हापूरपासून दूर आहे असे म्हणणाऱ्याने एकदा नकाशा उघडून बघावा.

जे. जे. स्कूलमधून त्या १९६९ मध्ये बाहेर पडल्या. त्याच वर्षी अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' उभे केले आणि या तरुण चित्रकर्तीच्या हाती कॅमेरा आला. 'ड्रीम हाउसेस' या छोट्या चित्रपटात घरांच्या प्रतिकृती रंगीत उजेडात न्हातात. नव्या देशाला नवी घरे मिळतील, या विश्वासाचे ते रंग. १९७६ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा, काळापांढरा तुकडा आला: एक तरुण बाई उंचावरून शहराकडे बघते आहे, आणि खाली जे आहे ते त्या प्रतिकृतीसारखे मुळीच नाही. दोन्ही तुकडे जोडून दाखवले की ते काम 'युटोपिया' होते. जिचे स्वतःचे घर एकदा पुसले गेले, तिने घराच्या स्वप्नाचा आधी पुतळा केला आणि सात वर्षांनी पंचनामा.

खरी कलाटणी मात्र १९९२ ची. मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' केले. कॅनव्हास नाही, चौकट नाही; थेट गॅलरीच्या भिंतींवर रेखाटन. नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रे दुर्लक्षाने नष्ट होत होती, त्याचा हा निषेध होता. प्रदर्शन संपले आणि भिंतींवर चुना फिरला. विकायला काही उरले नाही. तोपर्यंत त्यांची चित्रे चांगली विकली जाऊ शकत होती, लोहार चाळीतल्या गल्लीवर त्यांनी केलेले काम बघणाऱ्यांच्या लक्षात होते. भिंत पुसण्याचा हा प्रकार त्यांनी पुढेही सोडला नाही. कोळशाने भिंत भरायची आणि शेवटी ती पुसणे हाच प्रयोग करायचा.

दुसऱ्या वर्षी, १९९३ मध्ये, मॅक्सम्युलर भवनात जर्मन नाटककार हाइनर म्यूलरच्या मेडियावरचा प्रयोग झाला. मेडिया झाल्या होत्या अलकनंदा समर्थ. चित्र, नट, चलतचित्र आणि जागा यांची सरमिसळ इथून सुरू होते. ज्या समीक्षेला नाटक एका पानावर आणि चित्र दुसऱ्या पानावर छापायची सवय आहे, तिला या कामाचे काय करावे ते कळले नाही. अजूनही फारसे कळलेले नाही.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. पेढे वाटले गेले. मालानींनी त्याच वर्षी 'रिमेंबरिंग टोबा टेकसिंग' करायला घेतले आणि पुढच्या वर्षी ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लागले. मंटोची कथा वाचकांना ठाऊक आहे: वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांचीही फाळणी होते आणि बिशनसिंग दोन सरहद्दींच्या मधल्या बेवारस पट्ट्यात कोसळतो. मालानींनी ती कथा चित्रातून सांगितली नाही. त्यांनी जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका ठेवल्या. त्यांत अंथरुणे, आणि अंथरुणांत छोटे पडदे, त्यावर हलती चित्रे. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका. दोघी एकच साडी घडी करायला बघताहेत.

यातला नेमकेपणा जागतिक समीक्षेच्या भाषेत सापडणार नाही. साडीची घडी दोघींनी घालायची असते. एकीने पदराची टोके धरायची, दुसरीने दुसरी, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचे आणि टोके जुळवायची. हे ज्या घरात रोज घडते त्या घराला इथे काय होत नाही ते सांगावे लागत नाही. त्या दोघी भिंतीतून बाहेर येऊ शकत नाहीत. मध्ये खोलीची रुंदी आहे, तिथे ट्रंका आहेत आणि बघणारा नेमका त्या पट्ट्यात उभा आहे. बिशनसिंग जिथे पडला, तिथेच.

ट्रंकेबद्दलही तसेच. आपल्याकडे ट्रंक म्हणजे लग्नात आलेली, माळ्यावर ठेवलेली, वाकळा आणि जुनी कागदपत्रे सांभाळणारी वस्तू. निर्वासितासाठी ती घराची अट असते: जे तिच्यात मावेल तेवढेच घर. मालानींच्या सगळ्या वाटचालीचे माप याच वस्तूने घ्यावे असे वाटते. जे उचलता येते, गुंडाळता येते, पुसता येते आणि दुसऱ्या गावी पुन्हा उभे करता येते, त्यातच त्यांनी आपले शिल्प बांधले.

२००५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत 'मदर इंडिया' लागले. पाच पडदे, आणि विषय फाळणीतल्या व गुजरातमधल्या हिंसेत स्त्रीच्या शरीरावर लिहिला गेलेला राष्ट्रवाद. त्यामागे वीणा दास यांचा वेदनेच्या भाषेवरचा निबंध आहे. २०१२ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटात 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' आले आणि त्यांची रीत पूर्ण उमलली. पारदर्शक मायलरचे मोठे दंडगोल छताला टांगलेले. त्यांवर उलट्या बाजूने रंगवलेली चित्रे. दंडगोल संथ फिरतात, त्यांतून प्रोजेक्टरचा झोत जातो, भिंतींवर चित्रांच्या सावल्या चालू लागतात आणि वरून दुसरे चलतचित्र त्यांच्यावर पडते. फैजची कविता, महाश्वेतादेवींची द्रौपदी, ख्रिस्टा वोल्फची कॅसँड्रा एकमेकींच्या अंगावरून सरकतात. बघणारा हलला की त्याचीही सावली त्या गर्दीत मिसळते. सूर्यफुलांच्या खेळात प्रेक्षक गिऱ्हाईक असतो. इथे तो साक्षीदार होतो, आणि थोडा आरोपीही.

हे तंत्र परदेशी आहे म्हणणाऱ्याने कल्याणला जावे. महादेवराव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली होती: काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, दिव्याचा झोत, पडद्यावर हलणारी आख्याने, सोबत निवेदन आणि संगीत. दादासाहेब फाळक्यांच्याही आधीची ही गोष्ट. कल्याण लांब वाटत असेल तर घाट उतरून पिंगुळीला जावे. तिथले ठाकर चामड्याच्या रंगीत बाहुल्यांच्या सावल्यांतून रामायण सांगतात, तर चित्रकथी एकेक चित्र पुढे करत आख्यान लावतो. काचेच्या मागून रंगवायची रीत तर आपल्या जुन्या वाड्यांना ठाऊकच होती. मालानींनी पिंगुळी पाहून दंडगोल केले असा दावा इथे नाही. दावा एवढाच की ज्या मुलखात सावलीने गोष्ट सांगायची सवय इतकी जुनी आहे, त्या मुलखाने हे काम बघून 'हे कुठले आणले' असे म्हणू नये.

दोष आहेत. मेडिया, कॅसँड्रा, सीता, ॲलिस, द्रौपदी यांची कधीकधी अशी दाटी होते की कुणाचेच ऐकू येत नाही. २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत लागलेल्या 'कॅन यू हिअर मी?'चे मूळ कठुआच्या आठ वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचारात आहे. आयपॅडवर बोटाने काढलेली, थरथरणारी, पुसली जाऊन पुन्हा उमटणारी चलतचित्रे तिथे भिंतभर धावतात. त्यांचा गोंगाट हा त्या कामाचा मुद्दा आहे हे मान्य, पण 'टोबा टेकसिंग'मधली ती न जुळणारी साडी एका क्षणात जे करते ते इथे पन्नास प्रतिमा मिळून करतात. तरीही सत्तरीनंतर नवे यंत्र हातात घेऊन रोजनिशीसारखी चित्रे काढणारी बाई आणि पन्नाशीत आपली शैली गोठवून तिच्या प्रती काढत बसणारे तिचे समकालीन यांत निवड करायची असेल, तर तो गोंगाट चालेल.

त्या समकालीनांकडे वळायचे तर वेळ फार लागू नये. अनिश कपूर मुंबईत १९५४ मध्ये जन्मले आणि विलायतेचे झाले. स्थलांतरित मांडणकाराचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. १९७९ च्या भारतभेटीनंतर त्यांनी कोरड्या रंगाच्या भुकटीचे जे ढीग रचले ते जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने माखलेल्या माणसाला लगेच ओळखीचे वाटतील. हात लावला तर विस्कटतील असे ते ढीग होते. मग आरसे आले. शिकागोचे 'क्लाउड गेट' म्हणजे पोलादाचे १६८ पत्रे, सुमारे १०० टन वजन, आणि समोर स्वतःचे वाकडे प्रतिबिंब टिपणारी जत्रा. पुढे एका अतिकाळ्या रंगाचा कलेतला हक्क एकट्यासाठी राखून घेण्यापर्यंत मजल गेली. सुबोध गुप्तांच्या स्टीलच्या भांड्यांचे ढग पाहून लक्ष्मीपुरीतला भांडेवाला वजन विचारेल, आणि तो प्रश्न चुकीचा नसेल.

देश न सोडताही माणूस स्थलांतरित असतो, आणि या महाराष्ट्रात तसा असतोच. हेमा उपाध्याय बडोद्याहून १९९८ मध्ये मुंबईला आल्या आणि भंगारातल्या पत्र्यांतून त्यांनी धारावीची छपरे उभारली. शहरात पाय ठेवायला जागा शोधणाऱ्याची ती नजर होती. चंद्रपूरजवळच्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळसा खाणकामगारांच्या घरातले. ते कोळसाच हातात घेऊन भिंतीवर काढतात: डोक्याच्या जागी दिवा असलेली माणसे, पोखरलेली जमीन. प्रदर्शन संपले की तीही भिंत धुतली जाते. मुंबईचे अमोल पाटील २०२२ मध्ये कासेलला गेले ते सफाई कामगाराचे शरीर, त्याचा रेडिओ आणि चाकाचे बूट घेऊन. त्यांच्या घरात आजोबांचा पोवाडा आणि वडिलांचे नाटक होते. पाचपुते आणि पाटील हे मालानींचे शिष्य नाहीत, पण कुळ तेच. यांच्या साहित्याला भाव नसतो. कोळसा, पत्रा, आवाज, सावली. कपूरांचे पोलाद ज्या दिवशी वितळवले जाईल त्या दिवशी त्यातून पैसे निघतील. पाचपुत्यांच्या पुसलेल्या भिंतीतून काही निघणार नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. मालानींच्या कामात मेडिया आहे, ब्रेख्त आहे, कॅसँड्रा आहे. यात मराठी काय? सिंधी बाई, इंग्रजी बोलणारी गॅलरी, पॅरिसच्या पोम्पिदू केंद्रात २०१७ मध्ये झालेले सिंहावलोकन. 'ही आपली कशी?'

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्याच रंगभूमीची वही चाळावी. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ मध्ये. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला ते १८९० मध्ये, आणि तो ऑथेल्लो सांगलीकडच्या प्रेक्षकाला परका वाटला नाही. परक्या नायकाला धोतर नेसवायला आपण शंभर वर्षांपूर्वी घाबरत नव्हतो. मग आता परक्या नायिकेला सावली दिली तर एवढे काय बिघडले? 'आपले' हा शब्द असा वापरायचा असेल तर कानडी वाटणारे, उर्दू वाटणारे आणि गुजराती वाटणारे बरेच काही या शहरातून बाहेर काढावे लागेल. आबालाल रहिमानांपासून सुरुवात करावी लागेल.

आणि आबालालांचे नाव घेऊनच मांडणशिल्पाला हसले जाते, हे तर फारच झाले. शाहू महाराजांच्या निधनानंतर या दरबारी चित्रकाराने आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी गोष्ट कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, हे शहर ती अभिमानाने सांगते. तीच कृती एका बाईने गॅलरीच्या भिंतीवर चुना फिरवून केली की ती परदेशी थेरे कशी होतात? बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. रंगवलेल्या पडद्यापासून उजेडाच्या पडद्यापर्यंतचा प्रवास या गावाने ज्या हिमतीने केला त्या हिमतीचा वारसा सांगायचा, त्यांच्या पुतळ्याला हार घालायचा आणि विद्यार्थ्याने चित्र भिंतीवरून उतरवून खोलीत आणले की "आधी पोर्ट्रेट नीट कर" म्हणायचे. पोर्ट्रेट नीट करायलाच हवे. पण कोल्हापूर स्कूल म्हणून जे मिरवले जाते ते बाबूरावांच्या अर्ध्याच आयुष्याचे नाव आहे.

मंडळांचे देखावे तर राहिलेच. दर भाद्रपदात या शहराच्या पेठांमध्ये तालमींचे कार्यकर्ते सजीव देखावे, तांत्रिक देखावे उभे करतात. लाकूड, कापड, मोटर, दिवे, ध्वनिमुद्रित निवेदन, मध्ये उभी राहून बघणारी गर्दी, आणि दहा दिवसांनी सगळे मोडून गाडीत. 'ते मंडळांचे काम' असे जो चित्रकार हसून म्हणतो, त्याने नकळत मांडणशिल्पाची उत्तम व्याख्या केलेली असते. त्याला कमीपणा वाटतो तो देखाव्याचा, आणि तिथेच घोडे पेंड खाते. देखाव्यात नेहमी एकच कथा येते, तीही विजयाची. मालानींच्या खोलीत हरलेल्यांची कथा येते. एवढाच काय तो फरक, आणि तो तंत्राचा नाही.

म्हणून वाद सूर्यफुलांच्या खेळाशी नाहीच. तो येईल, पैसे करील, जाईल. वाद आहे तो या शहराच्या प्रदर्शनाच्या दालनांशी, जिथे भिंतींवर खिळे आहेत, चौकटीवर टाकायला पिवळे दिवे आहेत, पण कुठेही अंधार करायची सोय नाही. कलामहाविद्यालयातल्या एखाद्या मुलाने आजीच्या ट्रंकेत पडदा बसवून आणला तर तो मांडायचा कुठे? गांधीनगरच्या एखाद्या जुन्या घरातल्या मुलीने कराचीहून आलेल्या पणजीवर काम करायचे ठरवले तर तिला कोण सांगणार की १९९९ मध्ये मुंबईत हे एकदा झाले आहे, आणि तिथे दोन बायका साडीची घडी घालत होत्या? गांधीनगरात साड्यांचे गठ्ठे रोज उतरतात. रविवारी दुपारी शटर ओढलेले एखादे गोदाम, दोन प्रोजेक्टर आणि समोरासमोर दोन पांढऱ्या भिंती, इतके मिळाले तरी सुरुवात होईल. निदान ते गोदाम मागायला तरी कुणी जावे.